सबब ही विनंती फेटाळावी

हैदराबाद
१४ जानेवारी २०२४

प्रिय प्रज्वल,

उद्या संक्रांत. लग्नाला पाच वर्षं झाली, सणाला घरी नाही असं पहिल्यांदाच होतंय. आईंना तिळगूळ कुरियरने पाठवला आहे. चिखलीत कुरियरवाला आपलं औषधांचं दुकान शोधत बसेल, तू जरा लक्ष ठेव.

फोनवर तू नुसतं ‘हो, हो’ करतोस. तुझ्या शेजारी आई असतात नाहीतर समोर गिऱ्हाईक, आणि माझ्या खोलीत आणखी दोघी. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. पत्रात मी तुला तू म्हणणार, बुलढाण्याला कॉलेजात म्हणायची तसं. घरी आले की पुन्हा अहो.

ऑफिसात मला नवं काम दिलंय. ज्या ऑनलाइन ज्ञानकोशात तू दुकानात बसून फुकट लिहितोस, त्यातले आमच्या कंपनीच्या औषधांवरचे मराठी लेख वाचायचे आणि चूक दिसली तर कळवायची. कंपनीच्या माणसाने लेखात स्वतः हात घालायचा नाही, हा तुम्हा लोकांचाच नियम. लेखाच्या चर्चापानावर जायचं, मी या कंपनीची पगारी नोकर आहे असं आधी लिहायचं, मग विनंती करायची. ती मान्य करायची की नाही ते तुमच्यातला कुणी ठरवणार.

मी साहेबांना आपणहून सांगितलं की माझा नवरा तिथे आठ वर्षांपासून लिहितो. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, की तू आमच्या तीन औषधांच्या लेखांत आणि चर्चेत पडणार नाहीस. त्यात लोमिट्राडीन आहे. तो लेख तूच लिहिलेला आहेस, मला माहीत आहे, म्हणूनच ते लिहून देताना माझा हात अडखळला. पण सही केली. आता तू शब्द दे.

तुझी,
निशिगंधा


चिखली
२४ जानेवारी २०२४

प्रिय निशिगंधा,

तिळगूळ पोचला. आईने शेजारी सगळ्यांना ‘सुनेनं हैदराबादहून धाडला’ असं सांगत वाटला, घरात दोनच वड्या उरल्या.

शब्द दिला. तू सही आधी करून मग मला विचारलंस, पण ते असो.

लोमिट्राडीनचा लेख मी २०१६ च्या उन्हाळ्यात लिहिला. अण्णांना हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेला होता, पुण्याची नोकरीची मुलाखत सोडून मी वडिलांच्या जागी दुकानात बसलो होतो. दुपारी बाजारात चिटपाखरू नसायचं. फिट येणाऱ्या माणसांच्या घरचे काउंटरवर जे विचारायचे ते मी वहीत टिपत होतो, त्यावरून लेख झाला. मराठीत तेव्हा त्या औषधावर एक ओळ नव्हती. त्या पानाचा चौकोनी कोड मी अजून काउंटरवर चिकटवलेला आहे, लोक फोन धरून वाचतात.

आता तू पलीकडच्या बाजूला आहेस तर सांगून ठेवतो. कंपनीवाल्यांना बहुतेक वेळा एवढंच हवं असतं, की दुष्परिणाम काढा आणि कौतुक घाला. ते आम्ही वासावरून ओळखतो. पण कधीकधी ते खरीच चूक दाखवतात, आणि मग ती मान्य करताना आमच्या जिवावर येतं. माझ्याही आलंय.

सध्या त्या विनंत्या भागवत नावाचा एकजण बघतो. कोण, कुठला, माहीत नाही. तिथे कुणाचंच माहीत नसतं. फार सभ्य माणूस आहे, जरा जास्तच.

सबब, मी त्या तीन लेखांत पडणार नाही. (अण्णा तहसीलदाराला अर्ज लिहायचे तसं झालं हे वाक्य. असू दे.)

तुझा,
प्रज्वल


हैदराबाद
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय प्रज्वल,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. काम अंगावर आलं आणि खरं सांगू, आवडायला लागलं.

पहिली विनंती साहेबांनी सांगितलेली होती. लोमिट्राडीनच्या लेखात ‘या गटातले सर्वात सुरक्षित औषध’ असं घाला. मला लाज वाटत होती, तरी टाकली. भागवत यांचं उत्तर आलं: ‘कुणाच्या तुलनेत सर्वात सुरक्षित? स्वतंत्र अभ्यास दाखवलात तर विचार करू, तोवर नाही. विनंतीच्या भाषेवरून वाटलं की हे वाक्य तुम्हालाही पटलेलं नाही. चूक असेन तर क्षमस्व.’ मी टेबलाशी एकटीच हसले.

दुसरी विनंती माझी स्वतःची. तुझ्या लेखात एक वाक्य आहे, ‘गिळता येत नसेल तर गोळी कुटून पाण्यात देता येते.’ तू लिहिलंस तेव्हा ते बरोबर होतं, तेव्हा साधीच गोळी मिळायची. आता सगळीकडे दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी जाते. ती कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. हे वाक्य बदला, एवढंच माझं म्हणणं.

भागवत यांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, हळू विरघळते म्हणजे गोळीच्या आत नेमकं काय होतं? मी तीन परिच्छेद लिहिले. मग, कंपनीच्या पत्रकाशिवाय दुसरा आधार आहे का? शोधून दिला. मग भागवत म्हणाले, खेड्यात घरी औषध देणाऱ्या बाईला कळेल असं हे एका वाक्यात लिहून दाखवा. मी सहा वेळा लिहिलं आणि खोडलं, सातवं ठेवलं. प्रज्वल, इतकी वर्षं मी औषधशास्त्र शिकले, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं.

तुझं दुकान कसं चाललंय? आईंचे गुडघे?

तुझी,
निशिगंधा


चिखली
२९ फेब्रुवारी २०२४

प्रिय निशिगंधा,

दुकान चाललंय. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझ्या पत्रात भागवतांचं नाव तीनदा आहे. माझं दोनदा, त्यातलं एक ‘प्रिय’च्या पुढचं, ते तर लिहावंच लागतं. तू म्हणशील मोजत बसलास का. हो, मोजलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं.

तो प्रश्न विचारतो यात एवढं काय आहे मला कळलं नाही. विनंती तपासणाऱ्याने विचारायचेच असतात. मी पण विचारायचो. वर्गात पहिला मी होतो, निशिगंधा, तू दुसरी होतीस. गोळी आतून कशी विरघळते हे तुला कुणी लिहायला सांगायची गरज नव्हती, मी सांगू शकलो असतो.

मी ते पान बघत नाही, शब्द दिलाय. पण एक सांगतो, रोज सकाळी एकमेकांना ‘सुप्रभात’ लिहून ज्ञानकोशाचं काम होत नसतं.

संग्रामपूरहून तुझ्या बाबांचा फोन होता. कधी येणार विचारत होते. मी म्हटलं, मलाही तेच विचारायचंय.

प्रज्वल


हैदराबाद
१७ मार्च २०२४

प्रिय प्रज्वल,

‘सुप्रभात’चं मी तुला लिहिलं नव्हतं. म्हणजे तू पान वाचतोस. वाच की, सगळ्या जगाला उघडं आहे. लपवण्यासारखं असतं तर तिथे लिहिलं असतं का?

इथे आता वेगळीच अडचण आहे. भागवत ते वाक्य बदलणारच होते, तेवढ्यात ‘मुक्तवाचक’ नावाचा नवाच कुणी आला. त्याने लिहिलं: ‘साध्या गोळीची बदनामी करून कंपनीला आपली महाग गोळी खपवायची आहे. काल ज्यांनी सर्वात सुरक्षित म्हणा सांगितलं त्यांच्यावर आज विश्वास काऊन ठेवायचा? सबब ही विनंती फेटाळावी.’ पहिल्या विनंतीमुळे त्याचं म्हणणं लोकांना पटतं. आणखी दोघे त्याच्या बाजूने झाले. भागवत यांनी नियमाप्रमाणे निर्णय थांबवला. लेखात वाक्य अजून तसंच आहे.

मी दिलेला आधार तो वाचतच नाही. मी एक लिहिते, तो दुसऱ्याच गोष्टीला उत्तर देतो. साहेब म्हणतात, एक साधं वाक्य तुम्हाला बदलता येत नाही?

तू या कामात माझ्याआधीचा आहेस. या मुक्तवाचकाच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? नीट विचार करून लिही. घाई नाही. मी वाट बघेन.

तुझी,
निशिगंधा


चिखली
२८ मार्च २०२४

प्रिय निशिगंधा,

त्या मुक्तवाचकाच्या मनात काय आहे ते मी कसं सांगणार? तुमच्या कंपनीनेच पहिल्या दिवशी पत घालवली.

माझं मत विचारतेस तर विनंती मागे घे. एक वाक्य तर आहे. गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असतंच, न कुटता गिळावी म्हणून. आणि मग तुला रोज सकाळी त्या पानावर जावं लागणार नाही.

आई म्हणते, ‘सून हैदराबादले गेली अन् पोरगं मोबाइलमंदी गेलं.’ तिला कोण समजावणार.

प्रज्वल


चिखली
११ मे २०२४

प्रिय निशिगंधा,

सहा आठवडे तुझं पत्र नाही. फोनवरही तू दोन मिनिटांत ठेवतेस. तुला माहीत झालं आहे की काय, कळत नाही. तरी मला सांगायचं आहे ते सगळं सांगतो.

मुक्तवाचक मी आहे.

मार्चच्या दोन तारखेला ते खातं काढलं. तू तुझं सातवं वाक्य पानावर टाकलं होतंस आणि खाली भागवतने लिहिलं होतं, ‘हे वाक्य मी माझ्या आईला वाचून दाखवलं, तिला लगेच कळलं. तुम्ही चांगल्या शिक्षिका झाला असतात.’ ते मी दुकानात उभ्या उभ्या चारदा वाचलं. समोर एक म्हातारा खोकल्याचं औषध मागत होता, त्याला मी पित्ताचं दिलं. तो परत आला तेव्हा त्याच्यावरच ओरडलो.

तुझं म्हणणं बरोबर आहे हे मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. ते वाक्य बदलायलाच हवं होतं. पण तो लेख माझा होता, आणि तू माझी होतीस, आणि माझ्या लेखावर बसून तुम्ही दोघं बोलत होता आणि मला तिथे यायची बंदी होती. बंदीवर सहीसुद्धा तुझीच. मी स्वतःला सांगितलं की आपण कंपनीला अडवतोय. ते सांगायला सोपं होतं. पहिल्या विनंतीने मला काठी हातात दिलीच होती.

आता पुढचं.

अमडापूर रस्त्याकडच्या अन्नपूर्णाबाई आपल्या जुन्या गिऱ्हाईक आहेत. तू त्यांना पाहिलं आहेस, हिरव्या नऊवारीतल्या, सासऱ्यांचं औषध न्यायला येतात. सासरे माणिकराव, सत्तरीचे. मागच्या वर्षी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून फिट येतात आणि गिळायलाही त्रास होतो. एप्रिलच्या एकोणिसला त्यांच्यासाठी डॉक्टरांनी लोमिट्राडीन लिहून दिली, हळू विरघळणारी. मी पाकीट काढून दिलं. देताना सांगायचं असतं की ही कुटू नका. मी नेहमी सांगतो. त्या दिवशी नाही सांगितलं. माझ्या डाव्या हातात मोबाइल होता आणि मी मुक्तवाचक होऊन तुलाच उत्तर टाइप करत होतो.

परवा अन्नपूर्णाबाई दुकानात आल्या. गर्दी सरेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भाऊ, तुमाले एक इचारू? ते गोळी कुटून द्यायची का नाई?’

मी म्हटलं, ‘नाही. का?’

‘मामाजीले गिळता येत नोतं. मंग म्या फोनवर पाह्यलं, तुमी दाखवलं होतं ना ते पान. त्याच्यात लिहेल हाये, कुटून पान्यात द्या. नऊ दिवस दिली. सुस्त पडून राहे. मले वाटे, औषध लागू पडून राह्यलं. दहाव्या दिवशी मोरीकडे गेले अन् तिथंच पडले. डोळेच उघडून नाई राह्यले.’

बुलढाण्याला दवाखान्यात चार दिवस होते. पहिले दोन दिवस घरच्यांनी आशा सोडली होती. आता शुद्धीत आहेत, घरी आणलंय. उजवं मनगट मोडलं आहे, कपाळाला टाके.

‘डाक्टर मले म्हने, कुटाले कोन सांगतलं? म्या म्हनलं, चिखलीच्या मेडिकलवाल्या भाऊनं लिहेल हाये. पन भाऊ, माह्यंच चुकलं असंन वाचताना. म्या सातवी शिकेल बाई.’

त्या भांडायला आल्या नव्हत्या. खरंच विचारायला आल्या होत्या, पुढची गोळी कशी द्यायची ते.

मी म्हटलं, ‘वहिनी, तुम्ही बरोबर वाचलं. लिहिलेलंच चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं.’ त्यांना ते नीट समजलं नाही. ‘असं कसं?’ म्हणाल्या. मी डॉक्टरांना फोन लावून पातळ औषध लिहून घेतलं आणि तेच त्यांना दिलं.

त्याच दुपारी ज्ञानकोशाच्या चावडीवर, म्हणजे सगळे लिहिणारे जमतात त्या पानावर, मी माझ्या खऱ्या नावाने सगळं लिहिलं. दोन्ही खाती माझी, विनंती बरोबर होती, ती अडल्यामुळे एका रुग्णाचं काय झालं, ती करणारी माझी बायको आहे आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाऊण तासात भागवतने ते वाक्य बदललं. तुझं सातवं वाक्य आहे तसं घातलं.

आणि खाली मला एकच ओळ लिहिली, ‘कळवल्याबद्दल आभार. रुग्ण आता कसे आहेत?’

आता तू काय म्हणशील ते म्हण.

प्रज्वल


हैदराबाद
२५ मे २०२४

प्रज्वल,

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला तू म्हणवत नाही, म्हणून तुम्ही लिहिते.

मला मार्चमध्येच कळलं होतं. ‘सबब ही विनंती फेटाळावी.’ आजकाल सबब कोण लिहितं? अण्णा लिहायचे, आणि तुम्ही. मी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटून स्वच्छतागृहात जाऊन उभी राहिले. म्हणून तुम्हाला विचारलं होतं, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं. नीट विचार करून लिहा म्हटलं होतं. तुम्हाला कबूल करायला वाट करून दिली होती. तुम्ही उत्तर दिलं, विनंती मागे घे.

आणि मी गप्प बसले. ते मलाही बोलायलाच हवं. भागवतांना एक ओळ लिहिली असती, की हा माझा नवरा असावा, तर मार्चमध्येच वाक्य बदललं असतं आणि माणिकराव पडले नसते. मी लिहिलं नाही, कारण तुमचं नाव चारचौघांत जाईल याची मला लाज वाटली. तुमच्या नावाची मी काळजी केली. तुम्ही कशाची केली?

काऊन केलं असं? मले एक डाव फोन करून भांडले असते तर म्या भांडली असती, रडली असती, दुसऱ्या दिवशी बोलली असती. म्हातारा मानूस मरून गेला असता तर? रागात मले आपलीच बोली येते, पाहून घ्या.

साहेबांकडे मी स्वतः गेले. तुमचं चावडीवरचं लिखाण छापून समोर ठेवलं. मीटिंगमध्ये आठ जणांसमोर ते म्हणाले, ‘यांच्या घरगुती भांडणात आपलं औषध सापडलं.’ कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. नोकरी राहिली आहे. ते काम मात्र काढून घेतलं. आता मी पुन्हा पाकिटातली पत्रकं तपासते.

आणि भागवत. त्यांनी सहा आठवड्यांत मला जेवढे प्रश्न विचारले तेवढे तुम्ही पाच वर्षांत विचारले नाहीत. मी इथे येते म्हटलं त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, परत कधी येणार. तो प्रश्न माझ्याबद्दल नव्हता, तुमच्याबद्दल होता.

इतक्यात पत्र लिहू नका.

निशिगंधा


चिखली
१६ जून २०२४

प्रिय निशिगंधा,

लिहू नका म्हणालीस, तीन आठवडे लिहिलं नाही.

ज्ञानकोशावर निकाल लागला. मुक्तवाचक कायमचा बंद. माझं खरं खातं एक वर्ष बंद, नंतरही औषधांच्या लेखांना हात लावायचा नाही. ठरवणाऱ्या पाच जणांत भागवत नव्हता. त्याने लिहिलं, ‘मी या प्रकरणात आहे, म्हणून मत देणार नाही.’ मला राग आला. एवढं नीट वागायची काय गरज होती त्याला?

हा राग जात नाही. माणिकराव पडले, मी सगळं कबूल केलं, म्हणून मत्सर संपेल असं मला वाटलं होतं. काल दुकान बंद करताना मी पुन्हा ते पान उघडलं, तुमचं फेब्रुवारीचं बोलणं पहिल्यापासून वाचलं. तुझं सातवं वाक्य फार चांगलं आहे. ‘ही गोळी अख्खी गिळायची, कुटली तर संध्याकाळपर्यंतचं औषध एकाच घोटात पोटात जातं.’ मी आठ वर्षांत असं एक वाक्य लिहिलं नाही. तेही मला बघवत नाही, खरं सांगतो.

दर रविवारी मी माणिकरावांकडे जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने दारातूनच परत पाठवलं. ‘तुमी आता कायले आले?’ म्हणाला. बरोबरच होतं. पुढच्या रविवारी अन्नपूर्णाबाईंनी आत घेतलं. त्यांना सगळं पुन्हा सावकाश सांगितलं, बायकोचं, दुसऱ्या नावाचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बायकोच्या रागानं तुमी माह्या सासऱ्यावर दगड मारला म्हना की.’ नंतर चहा दिला. 

माणिकरावांचं प्लॅस्टर निघालंय. मूठ वळत नाही. मी बसून त्यांच्याकडून बोटांचे व्यायाम करून घेतो. ते मला शिव्या देतात, डॉक्टर म्हणतात हे चांगलं लक्षण आहे.

माझं चुकलं. सांगशील तेवढ्यांदा लिहितो. तुझ्या कामाचं मी वाटोळं केलं. चुकलं माझं.

प्रज्वल


हैदराबाद
७ जुलै २०२४

प्रिय प्रज्वल,

पुन्हा तू म्हणून बघतेय. हात अजून अवघडतो.

माणिकरावांकडे जातोस ते बरं करतोस. त्यांच्या मुलाने पुन्हा दारातून हाकललं तरी जा.

तुला एक गोष्ट खरी सांगायची आहे. भागवतांच्या उत्तराची मी वाट बघायची. सकाळी ऑफिसात आले की आधी ते पान, मग चहा. ते कोण, कुठले, किती वयाचे, मला माहीत नाही, आणि शोधावंसं वाटलं नाही. एवढंच होतं. पण ते काहीच नव्हतं असं तुझ्या समाधानासाठी मी लिहिणार नाही. कुणीतरी मला काय येतं हे विचारत होतं, आणि मला सांगायला आवडत होतं. ते काम गेलं याचं वाईट वाटतं. त्यांच्याशी बोलणं गेलं याचंही थोडं वाटतं. आता तुला हवं तर फाड हे पत्र.

आईंनी फोनवर विचारलं, गणपतीला येतेस ना? मी नाही म्हटलं. रजा आहे, पण इतक्यात नाही.

आणि तुझं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात ‘चुकलं’ आहे, भागवत आहे, माणिकराव आहेत, चहासुद्धा आहे. मला विचारलेला एकही प्रश्न नाही.

निशिगंधा


चिखली
२० जुलै २०२४

प्रिय निशिगंधा,

पत्र फाडलं नाही. दोन दिवस खिशात ठेवून फिरलो. ‘थोडं’ या शब्दासाठी ते पुन्हा पुन्हा उघडत होतो, अजूनही उघडतो.

प्रश्न लिहायला बसलो आणि लक्षात आलं की मला सुरुवातच येत नाही. गिऱ्हाइकाला विचारता येतं, किती दिवस ताप आहे, उलटी झाली का. तुझ्याबद्दल काय विचारायचं? चार दिवस लागले. हे बघ, जमलेत का.

तू पत्रकं तपासतेस म्हणजे सकाळी टेबलावर नेमकं काय येतं, कागद की सगळं पडद्यावर? त्यातली अक्षरं मुंगीएवढी असतात, ती आपल्याकडे कुणाला वाचता येत नाहीत, हे तिथे कुणाला सांगून बघितलंस का? सांगितलंस तर काय म्हणाले? दुपारी तुझ्याबरोबर जेवायला कोण बसतं? त्या मीटिंगमध्ये आठ जण होते, कुणी हसलं नाही म्हणालीस, नंतर त्यांतलं कुणी तुझ्याशी बोलायला आलं का?

कॉलेजात प्रयोगशाळेतून तू सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचीस. मी पोरांना सांगायचो, ती हळू आहे. तू तेव्हा आत काय करत असायचीस?

माझा पहिला नंबर आला तेव्हा तुला काय वाटलं होतं? मी कधी विचारलं नाही, कारण नंबर माझा होता.

नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी तू ते ओट्यावर ठेवून माझ्याकडे बघत उभी होतीस. मी परत कधी येणार विचारलं. तुला काय ऐकायचं होतं?

दिवाळीआधी मी चार दिवस दुकान बंद ठेवून हैदराबादला आलो, तर चालेल का? खोलीत दोघी आहेत, मी कुठेतरी लॉजवर राहीन. तुझं ऑफिस बाहेरून बघेन. नको असेल तर नको लिही, मी का म्हणून विचारणार नाही.

याच्या खाली आणखी एक प्रश्न होता, माझा तो जुनाच, तो खोडला आहे. कागद उजेडाकडे धरलास तर वाचता येईल. धरू नकोस.

तुझा,
प्रज्वल